अंगठ्याएवढ्या विहीणबाई

गेल्या मे महिन्यात एका सकाळी मी चहा समजून जावयाच्या फेट्याचं पाणी प्यालो.

जावई तेव्हा अजून व्हायचा होता आणि फेटा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता, पण पाणी चांगलं कपभर होतं. टेबलावर डावीकडे चहाचा कप, उजवीकडे ब्रश धुवायचा कप, आणि मधे मी, डोळ्याला भिंग लावून बसलेला. पहिल्या घोटाला काहीच वाटलं नाही. (डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून आमच्या घरचा चहा तसाही रंगाच्या पाण्याच्या जवळपास गेलेला आहे.) दुसऱ्या घोटाला शंका आली. तिसऱ्याला खात्री पटली.

"मंगला!" मी ओरडलो. "मी रंग प्यालो!"

स्वयंपाकघरातून बायकोचा शांत आवाज आला, "कोणता?"

"गुलाबी!"

"मग चालते. हिरवा पिऊ नका. तो संपत आला म्हणत होते नं तुम्ही?"

असल्या घरात कलावंत जगतो कसा, हा प्रश्न मी आता विचारणं सोडून दिलं आहे.

हा छंद मला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी लावला. रक्तदाब मोजून ते म्हणाले, "मन रमेल असं काहीतरी करा. हातानं करायचं, सावकाश करायचं." मंगला शेजारीच बसली होती. ती तिथल्या तिथे म्हणाली, "मेथी निवडायले देऊ का?" डॉक्टर हसले. मी हसलो नाही. मी सरकारी खात्यात आरेखक आहे, कालव्यांचे नकाशे काढतो. कालव्यात माणसं नसतात (बऱ्याचदा पाणीही नसतं), पण रेघ माझ्या हातात आहे. अशा माणसाच्या हातात मेथीची जुडी द्यायची?

त्याच रात्री मोबाइलवर मला माझा गुरू सापडला. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला माणूस. तो अंगठ्याएवढे पुतळे रंगवायचा आणि अंगाई म्हणावी तशा आवाजात सांगायचा, रंग पातळ करा, दोन थर द्या, घाई नको. नुसता त्याचा आवाज ऐकूनच माझा रक्तदाब उतरला. त्याच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता, ते मात्र मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

पुढे काही महिन्यांत आमच्या ऋतुजाचं लग्न ठरलं. स्थळ सावनेरचं. शेतीवाडी, दारात ट्रॅक्टर, मुलगा इंजिनीअर, सगळं उत्तम. फक्त मुलाच्या आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, रुसण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. थोरल्या मुलाच्या लग्नात विड्यात गुलकंद कमी पडला म्हणून त्या खोलीचं दार लावून बसल्या होत्या आणि पुढची सगळी पंगत पानांवर ताटकळली होती म्हणे. त्या सुनेला तो गुलकंद अजून ऐकावा लागतो.

तेव्हा घरात तयारीची चर्चा सुरू झाली आणि रुखवताचा विषय निघाला. हल्ली रुखवत भाड्यानं मिळतं. तोच थर्मोकोलचा महाल, तेच सुपारीचे भटजी, आणि वर पाटी, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केले'. पुढच्या मुहूर्ताला फक्त पाटी बदलते. मी जाहीर केलं, "आपल्याकडे असलं चालणार नाही. मी पुतळे करतो. अख्खा लग्नमंडप! दोन्ही घरची खरी माणसं! साखरपुड्याच्या फोटोवरून हुबेहूब!"

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "बाबा," ती म्हणाली, "त्या घरात मला आयुष्य काढायचं आहे. तुम्ही काय वाट्टेल ते करा. फक्त त्यांच्या आईंना राग येईल असं काही नको."

"राग?" मी म्हणालो. "अगं, डोळे भरून येतील त्यांचे!"

आता खरी अडचण अशी की लग्नातल्या माणसांचे पुतळे कोणी विकत नाही. जगात या छंदाचे जेवढे म्हणून पुतळे मिळतात ते सगळे लढाईतले. मी मागवलेल्या खोक्यातून निघाले ते भालेवाले, धनुष्यवाले, एक घोडेस्वार, एक ढोलवाला, काही तलवारवाले, लांब झग्यातला हात जोडलेला एक साधू, आणि एक आडवातिडवा कुऱ्हाडवाला. मंगलाने खोक्यात डोकावून पाहिलं. "वऱ्हाड आहे की दरोडा?"

पण कलावंताला दगडात मूर्ती दिसते. मला भालेकऱ्यांत अंतरपाट धरणारे मामा दिसले. भाले काढले, मधे रुमालाची पट्टी लावली, झालं! धनुर्धारी अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांत खपले. घोडेस्वार तर आयता नवरदेव. त्याला खाली उतरवून बोहल्यावर उभा केला (पाय मात्र फाकलेलेच राहिले), त्याच्या समोर ऋतुजा. ढोलवाल्याला हातही लावावा लागला नाही. एका पडेल खांद्यांच्या तलवारवाल्याची तलवार काढून त्याला आमचे इवाई केलं. (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात.) इवाई अतिशय कमी बोलतात, आणि हा पुतळाही शरण आल्यासारखा दिसत होता. झग्यातला साधू, शांत, मान किंचित झुकलेली. त्याच्या झग्याला नळाच्या जोडावर लावतात त्या पुट्टीच्या निऱ्या केल्या, अंबाडा बसवला आणि त्याची मंगला केली. बायकोला खूश करायची ही संधी मी सोडणार नव्हतो.

राहिल्या विहीणबाई. फोटोतली त्यांची अंगयष्टी पाहता खोक्यात त्यांना न्याय देईल असा एकच पुतळा होता. कुऱ्हाडवाला.

मी त्याची कुऱ्हाड कापली. दाढी ब्लेडने खरवडली, उरली तिची हनुवटी केली, डोक्यावर अंबाडा बसवला. पाठीवरच्या झुलीचा पदर झाला, तोही असा सुंदर उडणारा की मीच स्वतःवर खूश झालो. मात्र कुऱ्हाड उगारलेला हात वरच राहिला. म्हटलं, अक्षता टाकतायत. आरोळी ठोकायला उघडलेलं तोंडही उघडंच राहिलं. म्हटलं, मंगलाष्टकं म्हणतायत. कलेत थोडं बघणाऱ्यावरही सोडावं लागतं!

मग रंगकाम. गुरू म्हणतो, आधी अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा मारा, मोकळ्या हवेत. नागपुरात मे महिन्यात मोकळी हवा म्हणजे भट्टीचं तोंड. मी भर दुपारी गच्चीवर फवारा मारला. अस्तर डबीतून निघालं, पण पुतळ्यापर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळलं आणि रवा होऊन सगळ्यांच्या अंगावर बसलं. खाली आणल्यावर मंगलाने इवाईंना उचलून निरखलं. "हे तळायचे आहेत का?"

सगळं वऱ्हाड घासून काढलं. (कोणाच्या दात घासायच्या ब्रशनं, ते विचारू नका. घरात अजून तो विषय निघालेला नाही.) पुन्हा पहाटे अस्तर मारलं. मग कळलं की या उकाड्यात रंग ब्रशवरच वाळतो. म्हणून टेबल कूलरसमोर ओढलं. कूलरने रंग ओला ठेवला, पण अधूनमधून वाऱ्यासोबत एखादा शिंतोडाही पाठवला. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओढायची सवय लागली आणि कार्यालयात साहेबांना मी हिरव्या जिभेनं उत्तरं देऊ लागलो. मसाल्याच्या डब्यांची झाकणं मी केव्हाच पळवली होती, कारण पुतळा धरायला एकेक झाकणावर चिकटवावा लागतो. मामा हळदीवर, इवाई जिऱ्यावर, आणि विहीणबाई, योगायोगानेच, तिखटावर.

कपडे झाले की गुरू एक काळसर पाणी सोडायला सांगतो. ते घड्यांत उतरतं आणि निरी न् निरी उठून दिसते. साड्यांवर ते अप्रतिम दिसलं! दोन्ही आया हिरव्या साडीत होत्या, कारण साखरपुड्याला दोघीही हिरव्याच नेसल्या होत्या. (दोघींनीही त्याबद्दल एकमेकींना मनातून माफ केलेलं नाही.) मी भारावून तेच पाणी चेहऱ्यांवरही सोडलं. नेमका तेव्हाच कूलरने हात दाखवला. पाणी ओघळून विहीणबाईंच्या ओठावर साचलं आणि मी टिपेपर्यंत तिथे हलकीशी सावली धरली. ती लपवायला ओठ लाल केले. तर तोंड आणखी उघडं दिसायला लागलं. लक्ष तोंडावरून हटावं म्हणून डोळे ठळक केले. डोळे म्हणजे आधी पांढरा ठिपका, त्यावर टाचणीनं काळा. एक ठिपका नाकाकडे सरकला. तो झाकायला भुवई थोडी खाली आणली. मग दुसरी तिच्या जोडीला. मी मागे सरकून पाहिलं. चेहऱ्यावर भाव आले होते! कुठले, ते मी त्या आनंदात तपासलं नाही.

त्या आनंदात मी आणखी एक गोष्ट केली. दोन्ही घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'रुखवतात यंदा आपण सगळे! या आणि स्वतःला शोधा!' सावनेरहून विहीणबाईंचा अंगठा आला. पाठोपाठ निरोप, 'मी पहिले तेच पायीन.'

लग्नाच्या दिवशी सकाळी लॉनवरच्या हॉलमध्ये मी मंडप मांडला. तोपर्यंत प्रत्येक पुतळा आपापल्या झाकणावर एकटा होता. आता पहिल्यांदाच सगळे एकत्र आले, तेही रुखवताच्या झगझगीत दिव्याखाली. विहीणबाईंना मी मानाची जागा दिली होती, बोहल्याशेजारी, थेट नवरीकडे तोंड करून. चटकन धरणाऱ्या गोंदाने सगळ्यांना पक्कं केलं आणि मंगलाला बोलावलं. ती औक्षणाचं ताट घेऊनच आली. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा वाकून पाहिलं.

"अहो, ही कोण पोरीच्या अंगावर धावून राहिली?"

"धावून कुठे? अक्षता टाकून राहिल्या. विहीणबाई आहेत त्या."

"अक्षता? अशा? तोंड उघडून?"

"मंगलाष्टकं म्हणत असतील."

"अन् मिशी?"

"ती सावली आहे, मंगला!"

"अन् ही शांत बाई कोण? तुमची मावशी का?"

"तू आहेस ती."

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत ऋतुजा आली. तिने मंडप पाहिला आणि तिचा सगळा मेकअप एकदम फिका पडला. "बाबा! त्यांच्या आई आत्ता गाडीतून उतरून राहिल्या! त्यांना हे दिसलं तर आज जेवणं नाही होणार, अन् उद्यापासून मला गुलकंदाऐवजी हेच ऐकावं लागेल!"

"काढतो," मी म्हणालो. "आत्ता काढतो!"

पण गोंदानं आपलं काम चोख केलं होतं. विहीणबाई हलेनात. ओढल्या, हलवल्या, शेवटी पिरगाळल्या, तेव्हा कट्कन सुटल्या. तोवर हॉलच्या दारात सावनेरच्या बायकांचा घोळका दिसायला लागला. आता रिकामी जागा दिसली तर 'मले काहून नाही ठेवलं?' म्हणून रुसवा! म्हटलं, निदान तोंड तरी फिरवू या. गोंदाचा थेंब टाकला, नवरीकडे पाठ करून त्यांना घाईघाईत दाबून उभं केलं. पक्क्या बसल्या. मग लक्षात आलं की आता त्या हात उगारून, तोंड उघडून, थेट इवाईंच्या अंगावर धावत आहेत.

आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताचं बोट त्यांच्या अंबाड्याला चिकटलं आहे.

"या, या!" मी वाकलेल्या अवस्थेतच म्हणालो.

खऱ्या विहीणबाई समोर उभ्या होत्या. मागे इवाई, शेजारी थोरली सून. बाईंनी पर्समधून चष्मा काढला. "मी कुठी हाय, पाहू द्या बरं."

थोरल्या सुनेची नजर माझ्या बोटाखाली गेली आणि इतक्या वर्षांचा गुलकंद तिच्या तोंडून एकदम बाहेर पडला. "आई! हुबेहूब तुम्ही!"

इवाई वाकले. पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला ओळख पटणं म्हणतात.

विहीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "ह्या मी?" आवाज खाली गेला होता. बाहेर बँडवाल्यानेही नेमका तेव्हाच दम खाल्ला. मागे ऋतुजा ओढणीचा काठ चावत होती. "भाऊ, खरं सांगा. ह्या कोन हायेत?"

माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की तो विचार न करता बोलतो. माझ्या आयुष्यात तसे बरेच येतात, पण हा त्यांतला सगळ्यात मोठा.

"ह्या?" मी म्हणालो. "छे छे! ह्या तुम्ही नाही. ही तर आमची ही!"

आणि मोकळ्या हाताने साधूकडे बोट दाखवून म्हणालो, "तुम्ही त्या. तिकडे, हात जोडलेल्या."

विहीणबाईंनी चष्म्यातून तिकडे निरखून पाहिलं. मग विहीणबाईंचा चेहरा असा उजळला म्हणता! "माय वं! ह्या मी का? काय शांत दिसून राहिली वं मी! अहो, पाहा नं!" (हे इवाईंना.) "माझा सोभाव कसा बरोबर पकडला इवाईबुवांनी!" थोरली सून तोंडाला पदर लावून जोरजोरात खोकायला लागली. बाई पुन्हा माझ्या बोटाखाली वाकल्या. "अन् ह्या इहीनबाई होय? हो नं, आता दिसून राहिल्या! डोये तेच, भुवया तेच! लय हुबेहूब हो!" भोवतीच्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. एकजात साऱ्यांना पटलं. मला तर एवढं कौतुक खात्यातही कधी मिळालं नाही.

"मंग हे समोर कोन?" एकीने विचारलं. "ज्यायच्या अंगावर धावून राहिल्या?"

"मी," मी म्हणालो. आता माघार नव्हती.

लग्न ठरल्यापासून आमचे इवाई माझ्याशी मोजून दोन-चार शब्द बोलले असतील. ते आता जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडंही असंच हाय का?"

मागे काहीतरी किणकिणलं. वळता येत नव्हतं, बोट अडकलेलं होतं. पण ते औक्षणाचं ताट होतं, आणि ते कोणाच्या हातात होतं, ते मला न वळताही कळलं.

लग्न दणक्यात झालं. विहीणबाई पंगतीत सगळ्यांना आग्रह करत फिरल्या, विडा आला तेव्हा "गुलकंद राहू द्या हो, काय काम हाय," असं स्वतः म्हणाल्या. थोरल्या सुनेला घेरी यायची बाकी होती. माझं बोट कोमट पाण्यात भिजवून सोडवलं, अंबाडा थोडा निघाला. जाताना बाईंनी अख्खा मंडप मागून घेतला. "आमच्या शोकेसमधी ठेवतो. येनाऱ्या-जानाऱ्यायले दाखवता येईन."

मंगलाने स्वतःच्या हातांनी तो खोक्यात नीट बांधून दिला. हसतमुखाने. वधूच्या आईला त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही.

पावसाळा सरता सरता आम्ही लेकीला भेटायला सावनेरला गेलो. ऋतुजा छान रसरशीत दिसत होती. चहा करता करता मला कानात म्हणाली, "बाबा, काय केलंत तुम्ही! आई ओरडायला तोंड उघडतात, अन् शोकेसकडे पाहून थांबतात. हात जोडून उभ्याही राहायला लागल्या आहेत." मला भरून आलं. कलेने माणूस बदलतो ते असं!

बैठकीत शोकेससमोर शेजारच्या बायका जमल्या होत्या. विहीणबाई कौतुकानं सांगत होत्या, "ह्या मी. अन् ह्या आमच्या इहीनबाई. नागपूरच्या. सोभाव तोंडावर दिसतेच. पन मनानं चांगल्या हायेत हो!" शेजारणीने पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची हळूच थोडी लांब सरकवली. मंगला चिवडा खात राहिली.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. कोराडी मागे पडलं तरी शब्द नाही. शेवटी न राहवून मी म्हणालो, "पण पोरीचं भलं झालं की नाही? बोल नं काहीतरी."

"झालं नं," मंगला म्हणाली. "आता एक पुतळा तुमचा बनवा. हात बनवा, पाय बनवा, चष्माही लावा. तोंड तेवढं नका ठेवू."